वाळूचें रबर आणि त्यांतील मोहन

रबर म्हटलें म्हणजे केरळांतील झाडें, त्यांच्या सालीला दिलेल्या तिरप्या चिरा आणि खालीं बांधलेल्या वाटींत थेंबथेंब जमणारा पांढरा चीक, एवढें चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु आज घरोघर, दवाखान्यांत व विजेच्या मनोऱ्यांवर जें एक दुसरें रबर वावरत आहे, त्याचा झाडाशीं कांहीं संबंध नाहीं. त्याचें मूळ वाळूंत आहे. वाळूपासून सिलिकॉन हें मूलद्रव्य काढावयाचें, त्याच्या तापलेल्या पुडीवरून तांब्याच्या सान्निध्यांत मेथिल क्लोराइड हा वायु सोडावयाचा, त्यापासून मिळालेल्या द्रवावर पाण्याची क्रिया करावयाची, आणि मग सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणु आळीपाळीनें गुंफलेल्या लांबच लांब साखळ्या तयार करावयाच्या. या साखळ्यांचा गोळा म्हणजे सिलिकॉन रबराचा कच्चा माल. कांहीं प्रेशर कुकरांच्या झांकणांतील पांढरी रिंग, तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीचें बोंडुक, शस्त्रक्रियेच्या खोलींतील कित्येक मऊ नळ्या, हीं सर्व याच रबराचीं अपत्यें आहेत.

उष्णता व थंडी सोसण्याच्या बाबतींत या रबराची बरोबरी करणारें दुसरें रबर क्वचित् आढळेल. उणे ५० अंशांपासून २०० अंशांपर्यंत तें आपला लवचिकपणा टिकवून धरतें. यवतमाळच्या वैशाखांत पारा ४५ अंशांना भिडतो, आणि उघड्यावर पडलेल्या साध्या रबराच्या नळीला दोन उन्हाळ्यांत भेगा पडतात, हें येथील शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. सिलिकॉन रबराला मात्र उन्हाची फारशी बाधा होत नाहीं. कारण त्याच्या साखळीचा कणाच वाळूच्या जातीचा असतो, आणि वाळूला ऊन तें काय करणार?

असें असूनहि या कच्च्या रबरांत एक मोठें वैगुण्य आहे. त्यांत अंगचें बळ म्हणून जवळजवळ नसतेंच. नुसतें तेंच घेऊन, औषध घालून, तापवून पक्कें केलें, आणि त्याची १ चौरस सेंटीमीटर छेदाची पट्टी कापून ओढली, तर ३-४ किलोग्रामच्या ओढीनें ती तुटून पडते. शिजवलेल्या साबुदाण्याच्या चिकाप्रमाणें तें नखानेंहि फाटतें. याच रबरांत योग्य ती भुकटी योग्य रीतीनें मळली म्हणजे तेवढीच पट्टी १०० किलोग्रामपर्यंत ओढ सोसते. पंचवीस-तीस पट बळ जें आलें, तें रबराचें नव्हतें, भुकटीनें आणलें. रबराच्या धंद्यांत अशा भुकटीला फिलर म्हणतात. मराठींत तिला भर म्हणावयास हरकत नसावी. मात्र भर हा शब्द फसवा आहे. दुधांत पाण्याची भर घालणारा गवळी माल वाढवितो आणि गुण घालवितो. येथें भर घातल्यानें मालाला गुण येतो.

भुकटीनें रबर बळकट होतें, ही गोष्ट तशी जुनीच. मोटारीचा टायर काळा कां असतो, तर त्यांत काजळी मळलेली असते म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत हा गुण प्रथम ध्यानांत आला, आणि काजळीवांचून टायर ही कल्पनाच पुढें राहिली नाहीं. सिलिकॉन रबराला मात्र काजळीपेक्षां त्याच्याच कुळांतली एक पांढरी भुकटी अधिक मानवते. तिचा जन्म मोठा विलक्षण आहे. सिलिकॉन टेट्राक्लोराइड नांवाचा द्रव हायड्रोजनच्या ज्योतींत जाळला म्हणजे धुरासारखी सिलिका निघते. ती मुठींत घेतली तर हातांत कांहीं आहे कीं नाहीं याचा भ्रम पडावा, इतकी ती हलकी असते. जर्मनींत हॅरी क्लोप्फर या रसायनज्ञानें १९४२ सालीं, युद्धाच्या धामधुमींत, काजळीला पांढरा पर्याय शोधतांना ही युक्ति काढली. त्याच सुमारास अमेरिकेंत सिलिकॉन रबर बाल्यावस्थेंत होतें. यूजीन रोशो यानें १९४० सालीं त्याच्या मूळ द्रवाची स्वस्त कृति शोधली होती. त्यापूर्वीं चार दशकें इंग्लंडांतील नॉटिंगहॅमचे प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग या वर्गांतील पदार्थांवर संशोधन करीत होते. परंतु आपल्या या कामाचा व्यवहारांत कांहीं उपयोग होईल, अशी आशा त्यांना स्वतःलाच फारशी वाटत नव्हती. शास्त्राच्या इतिहासांत अशीं उदाहरणें थोडींथोडकीं नाहींत. आज ही धुराची सिलिका भारतांतहि होते. तमिळनाडूंतील मेत्तूर येथें तिचा कारखाना आहे.

आतां या भुकटीचें बळ कशांत आहे तें पाहूं. तें तिच्या बारीकपणांत आहे. यवतमाळच्या काळ्या जमिनींत पहिला पाऊस पडला कीं बैलाचा पाय आणि गाडीचें चाक मातींत रुततें, पण नदीकांठच्या वाळूंत तेवढेंच पाणी पडलें तर वाळू पायाला चिकटत नाहीं. दोन्ही खनिजेंच, फरक कणाच्या आकाराचा. काळ्या मातीचे कण इतके सूक्ष्म कीं मूठभर मातीचा एकूण पृष्ठभाग अफाट होतो, आणि पाणी धरून ठेवण्यास तेवढी जागा मिळते. धुराची सिलिका या बाबतींत काळ्या मातीलाहि मागें टाकते. तिच्या नेहमींच्या एका प्रतींत १ ग्रॅमचा पृष्ठभाग २०० चौरस मीटर भरतो. म्हणजे २० ग्रॅम, जुन्या मापानें पावणेदोन तोळे, भुकटी घेतली तर तिचा पृष्ठभाग ४,००० चौरस मीटर, अर्थात् जवळजवळ पुरा एक एकर! १०० ग्रॅम रबरांत ४० ग्रॅम भुकटी मळावयाची म्हणजे एवढ्याशा गोळ्यांत दोन एकर जमीन पसरून ठेवावयाची, आणि तिच्या इंचाइंचाला रबर लागलें पाहिजे, असा हा प्रकार आहे.

आणि ही जमीन निर्विकार नसते. सिलिकेच्या पृष्ठभागावर जागोजाग ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या उभ्या असतात. एका चौरस नॅनोमीटरवर अशा दोन-तीन. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग. या जोड्यांना ओढ असते ती पाण्याची, एकमेकींची, आणि रबराच्या साखळींतील ऑक्सिजनची. हवेंतील दमट वाफ त्या शोषून घेतात. शेजारच्या कणावरील जोडीला त्या बिलगतात आणि भुकटीच्या गुठळ्या होतात. रबराला त्या चिकटतात, आणि हें चिकटणें हवेंच असतें, कारण बळ तेथूनच येतें. पण तें कोठें थांबावें, हें त्या जोड्यांना ठाऊक नसतें.

कारखान्यांत याचा परिणाम असा दिसतो. कच्चें रबर व भुकटी मळण्याच्या यंत्रांत घातली तर प्रथम भुकटी आंत जावयासच तयार होत नाहीं. तासन् तास मळावें लागतें. शेवटीं गोळा तयार झाला, लाट्या करून रचून ठेवला, आणि पंधरा दिवस, महिनाभर तो तसाच राहिला, तर तो हळूहळू ताठ होत जातो. आंतले कण रबराला आणि एकमेकांना घट्ट धरीत सुटतात. गिऱ्हाइकाकडे माल पोहोंचतो तेव्हां तो दोन रुळांच्या मिलवर घातला तर शिळ्या भाकरीसारखा त्याचा भुगा होऊन खालीं पडतो. मग पुन्हां पुन्हां रुळांमधून काढून त्याला ताजा करावा लागतो. तसें केलें म्हणजे तो पुन्हां मऊ होतो हें खरें. परंतु त्यांत मजुरी जाते, वीज जाते, आणि एका घाण्यासारखा दुसरा घाणा उतरत नाहीं. पुरता ताजा न झालेला माल सांच्यांत भरला तर तो कोपऱ्यांपर्यंत वाहत नाहीं, हवा कोंडते, आणि रिंगेच्या कडेला बारीक खळगे राहतात. ते डोळ्यांना दिसतहि नाहींत. वाफेला मात्र बरोबर सांपडतात.

यावरचा उपाय घरांतील कोणतीहि गृहिणी सांगूं शकेल, फक्त तिला प्रश्न तिच्या भाषेंत विचारला पाहिजे. दिवाळींत शंकरपाळ्यांचें किंवा करंज्यांचें पीठ भिजविण्यापूर्वीं ती कोरड्या पिठांत कडकडीत तेलाचें वा तुपाचें मोहन घालते आणि पीठ दोन्ही हातांनीं चोळते. मोहन न घालतां पीठ भिजविलें तर तें चिवट होतें, लाटतांना आंत ओढ घेतें, आणि तळल्यावर दांताला कठीण लागतें. कारण पिठाच्या कणाला पाण्याची ओढ असते; पाण्याबरोबर त्याच्यांतील चिकट अंश एकमेकांत गुंततात. मोहनानें प्रत्येक कणावर स्निग्धाचा पातळ थर बसतो, मग पाणी लागावें तेवढेंच लागतें आणि गुंता आवरला जातो. क्रमहि महत्त्वाचा आहे. पीठ भिजवून झाल्यावर वरून कितीहि तेल ओतलें, तरी तें मोहनाचें काम करीत नाहीं.

सिलिकेच्या भुकटीवर जो संस्कार करतात तो हाच. तेलाऐवजीं तेथें सिलिकॉनचींच कांहीं लहान संयुगें वापरतात. त्यांतील एक प्रसिद्ध संयुग म्हणजे हेक्सामेथिल डायसिलाझेन. तें सिलिकेच्या पृष्ठभागावर आलें कीं तेथील जोडींतील हायड्रोजन काढून त्याच्या जागीं तीन मेथिल गट असलेला सिलिकॉनचा एक छोटा गट बसवितें, आणि अमोनिया बाहेर सोडतें. हा अमोनिया उष्णता व निर्वात यांच्या साहाय्यानें काढून टाकावा लागतो. नवसागराच्या बाटलीसारखा तो उग्र वास मालांत राहिला तर काम अपुरें झालें असें समजावें. क्लोरीनयुक्त संयुगानें संस्कार केला तर अमोनियाच्या जागीं आम्ल निघतें, आणि तेंहि धुऊन काढलें नाहीं तर पुढें उष्णतेंत तें रबराच्या साखळ्याच तोडूं लागतें. संस्कार झालेली भुकटी पाण्यावर टाकली तर ती भिजत नाहीं, पृष्ठभागावर तरंगत राहते. हा प्रयोग शाळेंतल्या मुलानेंहि करावा असा सोपा आहे.

हा संस्कार दोन ठिकाणीं करतां येतो. भुकटी करणारा कारखाना ती संस्कारितच विकतो, किंवा रबर मळणारा स्वतःच्या यंत्रांत रबर, भुकटी, संस्कारद्रव्य व किंचित् पाणी एकत्र घालून, तापवून, मळतां मळतां तो उरकतो. पहिली भुकटी महाग पडते, दुसऱ्या रीतीला वेळ व निगराणी लागते. तिसरी एक स्वस्त वाट आहे. दोन्ही टोकांना ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असलेलें पातळ सिलिकॉन तेल थोडेंसें घालावयाचें. तें भुकटीवरील जोड्यांशीं मैत्री करून त्यांना गुंतवून ठेवतें. बाजारांतील पुष्कळ साधा माल या तिसऱ्या वाटेनेंच होतो, आणि साध्या कामाला तो पुरतोहि. परंतु ही मैत्री संस्कारासारखी पक्की नव्हे.

संस्कारानें काय साधतें? भुकटी रबरांत लवकर शिरते आणि सारखी पसरते. गोळा महिनोन् महिने मऊ राहतो. सांच्यांत माल पाण्यासारखा नव्हे तरी काकवीसारखा वाहतो. आणि जें द्रवरूप सिलिकॉन रबर नळींतून पंपानें सांच्यांत सोडतात, ज्यापासून मुलांचीं बोंडकें होतात, तें तर संस्कारित भुकटीवांचून व्यवहारांत आणतांच आलें नसतें. वस्तु अधिक पारदर्शक होते, कारण गुठळ्या नाहींशा झाल्यानें प्रकाश विखुरत नाहीं. ती अधिक ताणली जाते. ओलावा कमी शोषते. आणि सर्वांत महत्त्वाचें, दाबून ठेवलेली वस्तु दाब काढल्यावर पूर्ववत् उमलते.

या शेवटच्या गुणावर थोडें थांबलें पाहिजे. कुकरची रिंग रोज झांकणाखालीं दाबली जाते. आंत वाफ सुमारें १२० अंश असते. भुकटीवर संस्कार अपुरा असेल तर तापलेल्या व दाबलेल्या अवस्थेंत मोकळ्या राहिलेल्या जोड्या नवे बंध बांधतात, आणि रबर त्या दाबल्या आकारांतच स्थिर होऊं पाहतें. कांहीं महिन्यांनीं रिंग चपटी होते, कडेनें वाफ सुटूं लागते, शिट्टी होत नाहीं, आणि दोष बिचाऱ्या शिट्टीवर येतो. दुकानांत शेजारीं शेजारीं टांगलेल्या दोन पांढऱ्या रिंगांत किंमतीचा दुपटीचा फरक असतो. स्वस्त रिंगेंत कांहीं वेळां खडूसारखी निर्बळ भुकटी जास्त घातलेली असते, कांहीं वेळां भुकटी चांगली पण संस्कार अपुरा. गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच दिसतात. तो स्वस्त ती घेतो, आणि वर्षांत तीनदां घेतो.

परंतु संस्कार जितका अधिक तितका माल चांगला, असें मानणें चुकीचें होईल. मोहन फार झालें कीं शंकरपाळें कढईंत विरतें, त्याचे तुकडे तेलांत पसरतात. येथेंहि तसेंच. सगळ्या जोड्या झांकून टाकल्या तर रबराला धरून ठेवणारा कोणी राहत नाहीं. वस्तु मऊ, लुळी होते, आणि जेथें ताठपणा हवा तेथें निरुपयोगी ठरते. सृष्टीनेंच यांत थोडी मर्यादा घालून ठेवली आहे. तीन मेथिलांचा गट छत्रीसारखा पसरट असतो. शेजारीं शेजारीं दोन छत्र्या उघडल्या कीं मधल्या माणसाला तिसरी उघडतां येत नाहीं, त्याप्रमाणें कांहीं जोड्या छत्र्यांखालीं झांकलेल्या पण शाबूत राहतात. जेथें बळ हवेंच असेल तेथें कुशल कारागीर दुसरी तोड काढतात. संस्कारद्रव्यांत थोडा भाग व्हिनिल गट असलेला घालतात. हा गट रबर पक्कें होतांना त्याच्या साखळीशीं रासायनिक गांठ मारतो. मग कण रबराला चिकटलेला न राहतां रबराचाच अवयव होतो, फाटण्याला विरोध वाढतो, आणि तरीहि गोळा साठवणींत ताठत नाहीं. या प्रमाणांची निवड हें खरें कौशल्याचें काम होय. पुस्तकावरून तें अर्धेंच शिकतां येतें.

वणी तालुक्यांतील राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या सर्वांना ठाऊक आहेत. तेथील दगडाचीच जात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हीहि रबराची एक भर आहे, आणि तिच्याहि बाबतींत हाच न्याय लागतो. चुनखडी भाजून, विरवून, त्या निवळींत पुन्हां कार्बन डायऑक्साइड सोडला म्हणजे अतिशय बारीक पांढरी भुकटी खालीं बसते. तिच्यावर स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे चरबीच्याच एका घटकाचा, थर देतात. अशी भुकटी खिडक्यांच्या कांचा व न्हाणीघरांतील फटी बुजविण्याच्या सिलिकॉनच्या मलमांत घालतात. सिलिकेइतकें बळ तिच्यापासून येत नाहीं, पण मलम भिंतीवरून ओघळत नाहीं आणि नळकांड्यांत साठवणींत बिघडत नाहीं. चुन्यांत तेल किंवा चरबी मिसळून पाणी न धरणारा गिलावा करण्याची जी जुनी चाल आहे, तिच्यांत आणि या आधुनिक कृतींत तत्त्वतः भेद नाहीं. गवंड्याला तें शास्त्र म्हणून ठाऊक नव्हतें, इतकेंच.

या विषयाचा एक धागा जिल्ह्याच्या अगदीं दुखऱ्या जागीं जाऊन पोहोंचतो. २०१७ सालीं पावसाळ्यांत व त्यानंतर कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यांत सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. शेंकडों जणांना रुग्णालयांत दाखल करावें लागलें. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे कक्ष त्या दिवसांत भरून गेले होते. कपाशी त्या वर्षीं डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर पुष्कळदां एक फडकें, किंवा तेंहि नाहीं. विष श्वासावाटे जसें शिरतें तसें कातडीवाटेहि शिरतें, म्हणून तोंडावरच्या मास्कनें सगळें निभावलें असतें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. पण ज्या मास्कला बाजूस गाळणीचीं डबडीं असतात, त्याची सारी मदार चेहऱ्याला टेकणाऱ्या कडेवर असते. ती कड गालाच्या व नाकाच्या उंचसखलाप्रमाणें वळली पाहिजे, घामानें चुरचुरली नाहीं पाहिजे, आणि उन्हांत बांधावर पडून राहिली तरी कडक होतां कामा नये. चांगल्या मास्कची कड सिलिकॉन रबराची करतात ती याचसाठीं. रबर मऊ करावयाचें तर भुकटी कमी घालावी लागते, आणि भुकटी कमी घातली तर कड ओढतांच फाटते. मऊपणा आणि चिवटपणा हे दोन्ही गुण एकाच कडेंत आणण्याचें काम संस्कारित सिलिका करते. कड चपटी पडली, गालाशीं केसाएवढी फट राहिली, तर गाळणी कितीहि भारी असो, हवा फटींतूनच आंत जाते. मास्क स्वस्तांत खरेदी करून वांटणाऱ्यांनीं गाळणीबरोबर ही कडहि बोटानें दाबून पाहावी.

दुसरा धागा वणीकडचा. तेथें वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या खाणी, राजूरच्या भट्ट्या, आणि २०२२ सालीं सुरू झालेला मुकुटबनचा सिमेंटचा कारखाना. अशा टापूंत विजेच्या तारा ज्या इन्सुलेटरांवर टांगतात, त्यांच्यावर काळी-पांढरी धूळ बसते. धूळ कोरडी आहे तोंवर कांहीं बिघडत नाहीं. पहांटेचें दंव पडलें किंवा मृगाची पहिली झिमझिम आली कीं तिचा ओला लेप होतो, चिनी मातीच्या चकत्यांवरून वीज झिरपूं लागते, मग ठिणग्या, मग मोठा जाळ, आणि वाहिनी बंद. उत्तर भारतांत हिवाळी धुक्यांत हें पूर्वीं वारंवार होई. म्हणून तिकडे अनेक मोठ्या वाहिन्यांवर चिनी मातीचे इन्सुलेटर काढून सिलिकॉन रबराचे बसविण्यांत आले. कांचतंतूंचा दांडा आणि त्यावर रबराच्या छत्र्या, अशी त्यांची घडण असते.

या रबरांत सिलिकेखेरीज आणखी एक भर असते, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तिचें काम वेगळें आहे. कधीं ठिणगी पडलीच तर २०० अंशांच्या पुढें ही भुकटी आपल्यांत बांधलेलें पाणी सोडते. तें तिच्या वजनाच्या शेंकडा ३४-३५ इतकें असतें. जागच्या जागीं अशी आग विझविणारी ही भर मात्र थोडी घालून भागत नाहीं. कित्येक वेळां रबराच्या वजनाइतकी किंवा त्याहूनहि अधिक घालावी लागते. इतकी कोरी भुकटी घातली तर गोळा मळतां येत नाहीं, छत्र्या ठिसूळ होतात, आणि कण व रबर यांच्यामधल्या सूक्ष्म फटींतून ओलावा आंत शिरतो. विजेच्या कामांत याहून वाईट तें काय? म्हणून तिच्यावर व्हिनिल गट असलेल्या सिलेनचा संस्कार करतात. मग एवढी भर पोटांत घेऊनहि रबर वाहतें, आणि पाण्यांत ठेवलें तरी त्याचा निरोधकपणा फारसा ढळत नाहीं.

याच छत्र्यांवर सृष्टि आपणहून एक संस्कार करते, आणि तो या सगळ्या प्रकरणांतील सर्वांत मनोहर भाग म्हणावा लागेल. सिलिकॉन रबरांत नेहमींच कांहीं आंखूड, मोकळ्या साखळ्या तेलासारख्या हिंडत असतात. वर धुळीचा थर बसला कीं त्या हळूहळू रबरांतून बाहेर झिरपतात आणि धुळीच्या कणांवर पसरतात. कारखान्यांत भुकटीला जें मोहन दिलें, तेंच येथें खाणीच्या व भट्टीच्या धुळीला मिळतें, आणि रबरावर बसलेली धूळच पाणी झिडकारूं लागते. दंवाचा सलग लेप न होतां वेगवेगळे गोल थेंब राहतात, आणि विजेला वाट मिळत नाहीं. एखाद्या मुसळधार पावसानें किंवा ठिणग्यांनीं हा गुण तात्पुरता गेला तरी कांहीं तासांत, कांहीं दिवसांत तो पुष्कळसा परत येतो. धुळीचा थर फार जाड आणि सिमेंटसारखा घट्ट झाला, तर मात्र तेल वरपर्यंत पोहोंचत नाहीं. तेथें माणसालाच वर चढून धुवावें लागतें.

हा गुण शिल्लक आहे कीं नाहीं, हें तपासण्यास कोणतेंहि मोठें यंत्र लागत नाहीं. वीज बंद करून, वर चढून, इस्त्रीवाल्याच्या हातांत असते तशा फवाऱ्याच्या बाटलीनें छत्रीवर साधें पाणी मारावयाचें आणि थेंबांकडे पाहावयाचें. स्वीडनमध्यें याच्या सात पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या पायरीवर थेंब आळवाच्या पानावरच्यासारखे गोल व सुटे राहतात. पुढें ते चपटे होऊन एकमेकांत मिसळूं लागतात. सातव्या पायरीवर सगळी छत्री सलग ओली होते. वर गेलेला कामगार खालच्याला आंकडा ओरडून सांगतो, आणि खालचा तो वहींत मांडून ठेवतो.